नवी किडनी, जुनी वाट : प्रत्यारोपणानंतर लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा का होतो?

आईने मुलाला किडनी दिली. देण्यापूर्वी तिची कसून तपासणी झाली होती. सोनोग्राफी स्वच्छ, युरिन कल्चर निर्जंतुक, उभ्या आयुष्यात लघवीची तक्रार नाही. तिच्याकडे उरलेली दुसरी किडनी आजही निमूटपणे काम करते आहे. मुलाच्या पोटात गेलेली किडनीही उत्तम चालते, क्रिएटिनिन छान उतरलं आहे. पण दर दोन-तीन महिन्यांनी त्याला थंडी वाजून ताप येतो, लघवीत पस सेल्स दिसतात, कल्चरमध्ये जंतू निघतात आणि पुन्हा अँटिबायोटिकची सलाइन लागते. एकाच शरीरातल्या दोन किडन्या, मग एकीच्याच नशिबी हे का?

प्रत्यारोपण झालेल्या अनेक घरांना हे कोडं पडतं. घरातल्या घरात त्याची उत्तरंही निघतात : पाणी कमी पितो, स्वच्छता पाळत नाही, बाहेरचं खातो. रुग्ण मुकाट्याने ऐकून घेतो. खरं तर प्रत्यारोपणानंतर जिवाणूंमुळे होणाऱ्या संसर्गांत लघवीचा संसर्ग सर्वात जास्त आढळतो आणि त्याची मुख्य कारणं रुग्णाच्या निष्काळजीपणात नसतात. किडनी कुठे बसवली, कशी जोडली, मूत्राशयाची अवस्था काय होती आणि कोणती औषधं चालू आहेत, यांत ती सापडतात.

निरोगी माणूस कसा वाचतो?

लघवीचा रस्ता सरळ आहे. पाठीच्या दोन बाजूंना दोन किडन्या. प्रत्येकीतून सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची एक बारीक नळी, म्हणजे मूत्रवाहिनी, खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशयातून मूत्रमार्गाने लघवी बाहेर पडते. हा मूत्रमार्ग पुरुषांत साधारण २० सेंटिमीटर, तर स्त्रियांत जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. स्त्रियांना हा त्रास जास्त का होतो, याचं मोठं कारण याच फरकात आहे.

संसर्ग करणारे जंतू बहुधा बाहेरून येत नाहीत. सर्वाधिक वेळा सापडणारा ई. कोलाय हा आपल्याच आतड्यात राहतो. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रमार्गाच्या तोंडाशी येतो आणि वर चढू लागतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. त्यांच्या टोकाशी असलेलं प्रथिन मूत्राशयाच्या आतल्या पेशींना चिकटतं, म्हणून लघवीचा लोंढा आला तरी तो वाहून जात नाही.

शरीराकडे यावर अनेक उपाय आहेत. दर काही तासांनी मूत्राशय पूर्ण रिकामं होतं आणि न चिकटलेले जंतू धुऊन निघतात. किडनी स्वतः एक प्रथिन लघवीत सोडते, ते जंतूंच्या तंतूंना आधीच गुंडाळून टाकतं. जंतू चिकटले तर अस्तराच्या पेशी गळून पडतात आणि त्यांना सोबत घेऊन जातात. तरीही भागलं नाही तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. रिपोर्टमधल्या पस सेल्स त्याच. प्रत्यारोपणानंतर यातली जवळजवळ प्रत्येक व्यवस्था थोडीथोडी ढिली पडते.

ऑपरेशनमध्ये काय बदलतं?

नवी किडनी पाठीत, जुन्या किडनीच्या जागी बसवतात असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात ती ओटीपोटाच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या खोलगट भागात ठेवली जाते. फ्रान्समध्ये १९५१ साली रने क्यूस आणि त्यांच्या समकालीन शल्यचिकित्सकांनी ही जागा वापरात आणली आणि आजही तीच चालते. पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या तिथे हाताशी असतात आणि मूत्राशयही जवळ असतं. जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत. त्यामुळे अशा माणसाच्या पोटात एकूण तीन किडन्या असतात.

नव्या किडनीबरोबर आलेली मूत्रवाहिनी आखूड ठेवावी लागते. तिला रक्तपुरवठा नव्या किडनीच्या बाजूनेच होतो. नळी लांब ठेवली तर शेवटच्या टोकाला रक्त पोहोचत नाही आणि ते टोक निकामी होऊ शकतं. ही आखूड नळी मूत्राशयाला भोक पाडून शिवली जाते आणि नेमका इथेच एक नाजूक बदल होतो.

मूळ मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही. ती तिरकी, भिंतीच्या थरांमधून काही अंतर सरपटत आत जाते. सायकलच्या जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हवर चढवलेली रबरी नळी आठवून पाहा. पंपाची हवा आत जाताना ती रबरी नळी उचलली जाते. पंप थांबला की ट्यूबमधल्या हवेच्याच दाबाने ती घट्ट बसते आणि हवा मागे फिरत नाही. मूत्राशयातही असंच घडतं. लघवी वरून थेंबथेंब उतरते, तेव्हा तिरकी वाट उघडते. मूत्राशय भरलं किंवा लघवी करताना आकसलं की आतल्या दाबाने भिंतीतली नळी चपटी होऊन बंद होते. दाब जितका जास्त, तितका बंदोबस्त पक्का.

शिवलेल्या मूत्रवाहिनीसाठीही सर्जन मूत्राशयाच्या स्नायूत छोटा बोगदा करतात, पण तो मूळच्याइतका पक्का जमेलच असं नाही. वॉल्व्ह सैल राहिला तर लघवी करताना काही लघवी उलटी, वर किडनीकडे जाते. मूत्राशयातल्या जंतूंना मग चढण उरतच नाही आणि आखूड नळीमुळे अंतरही थोडंच असतं. अशी उलटी लघवी जाणाऱ्या प्रत्येकाला संसर्ग होतो असं नाही. ज्याला होतो, त्याच्याबाबतीत मात्र त्रास मूत्राशयापुरता न राहता थेट किडनीत पोहोचण्याची भीती असते.

त्यात भर पडते ती नळ्यांची. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर असतो. जोड नीट भरून यावा म्हणून मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची मऊ नळी ठेवतात आणि साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढतात. दोन्ही गरजेच्या, पण दोन्हींच्या पृष्ठभागावर जंतू बुळबुळीत थर करून बसू शकतात. त्या थराच्या आत अँटिबायोटिक पुरेसं शिरत नाही. म्हणून नळी जितकी लवकर निघेल तितकं बरं आणि स्टेंट काढायची तारीख चुकवणं मुळीच परवडणारं नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या लक्षात येत नाही. नवी किडनी बसवताना तिचे मज्जातंतू जोडले जात नाहीत. एरवी किडनीत संसर्ग झाला की पाठीत, बरगडीखाली जबरदस्त दुखतं. इथे किडनी पाठीत नाही आणि तिची संवेदनाही तुटलेली आहे. कधी ओटीपोटात टाक्यांच्या बाजूला जडपणा किंवा दुखरेपणा जाणवतो, कधी काहीच जाणवत नाही. फक्त ताप येतो, गळून गेल्यासारखं होतं किंवा रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं.

मूत्राशयाची मोडलेली सवय

डायलिसिसवर चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाला लघवी फारच थोडी होते, काहींना अजिबात होत नाही. न भरणारं मूत्राशय हळूहळू आकसतं. प्रत्यारोपणाच्या दिवशी त्यात अचानक लिटरच्या लिटर लघवी उतरू लागते. सुरुवातीला दर अर्ध्या-पाऊण तासाने जावं लागतं, रात्रीची झोप मोडते. बहुतेकांचं मूत्राशय काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा सैलावतं.

खरी अडचण येते ती लघवी पूर्ण बाहेर पडत नाही तेव्हा. जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. भरल्याची जाणीव उशिरा होते आणि स्नायू पूर्ण जोर लावत नाही. पन्नाशी-साठीच्या पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असते. डायलिसिसच्या काळात लघवीच नसल्याने तो अडथळा लक्षात आलेला नसतो, नवी किडनी चालू झाल्यावर तो उघडा पडतो. करून झाल्यावरही मागे शंभर-दीडशे मिलिलिटर लघवी उरत असेल, तर जंतूंची सोय आयतीच झाली. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो.

प्रतिकारशक्ती दाबण्याची किंमत

परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ही औषधं बहुतेकांना दिली जातात. ती पांढऱ्या पेशींचा जोर कमी करतात. परकी किडनी आणि परका जंतू यांत भेदभाव करण्याचं कसब या औषधांकडे नाही, त्यामुळे दोघांनाही मोकळीक मिळते. त्यातली दोन, टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन, रक्तातली साखरही वाढवतात. कित्येकांना मधुमेह प्रत्यारोपणानंतर प्रथमच होतो.

सुरुवातीचे तीन ते सहा महिने औषधांचे डोस सर्वात जास्त असतात. कॅथेटर आणि स्टेंटही याच काळातले. म्हणून संसर्गाचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. या टप्प्यात अनेक केंद्रं को-ट्रायमोक्झॅझोलची छोटी मात्रा रोज देतात. ती लघवीच्या संसर्गाला आळा घालते, शिवाय न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसाच्या गंभीर संसर्गापासूनही वाचवते. बरं वाटतंय म्हणून ही गोळी मनाने बंद करू नये.

नवा पाहुणा की जुनाच मुक्काम?

सहा महिन्यांत दोन वेळा किंवा वर्षभरात तीन वेळा लक्षणांसह संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला ‘वारंवार होणारा संसर्ग’ म्हणतात. इथून पुढे प्रत्येक वेळी नुसतं अँटिबायोटिक देऊन भागत नाही, मूळ शोधावं लागतं.

पहिला सुगावा जुन्या रिपोर्टांतच मिळतो. उपचार संपल्यावर दोन आठवड्यांच्या आत तोच जंतू, तशाच औषधांना दाद देणारा, पुन्हा निघाला तर तो बहुधा गेलेलाच नव्हता. तो कुठेतरी दडून बसला आहे. दरवेळी वेगळा जंतू निघत असेल, तर वाट खुली आहे आणि नवे जंतू चढताहेत, असा अर्थ होतो. म्हणून प्रत्येक कल्चरचा रिपोर्ट तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून ठेवला, तर डॉक्टरांचं निम्मं काम हलकं होतं.

दडण्याच्या जागा बऱ्याच आहेत. जुन्या किडन्यांमधले खडे. पॉलिसिस्टिक आजारात पाण्याने भरलेल्या गाठी. प्रोस्टेटचा आतला भाग. विसरलेला स्टेंट. लघवी करून झाल्यावर केलेल्या सोनोग्राफीत किती लघवी मागे उरते ते कळतं. गरजेनुसार सीटी स्कॅन, लघवीच्या धारेचा वेग मोजणारी चाचणी किंवा मूत्राशयात रंगद्रव्य भरून लघवी करताना काढायचे एक्स-रे सांगितले जातात. या शेवटच्या तपासणीत लघवी उलटी किडनीत चढते का, हे पडद्यावर स्पष्ट दिसतं.

कारण सापडलं की उपायही नेमका करता येतो. प्रोस्टेटवर औषध किंवा शस्त्रक्रिया, खडा काढणं, सैल जोडाजवळ दुर्बिणीतून इंजेक्शन देऊन वाट आवळणं किंवा जोड नव्याने करणं. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं. तिथले हितकारक लॅक्टोबॅसिलस त्यामुळे पुन्हा वाढतात आणि ई. कोलायला बस्तान बसवणं अवघड जातं.

पस सेल्स भरपूर पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं वारंवार झालं तर आपल्या देशात क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. क्षयाचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.

कल्चरच्या बशीत काय घडतं?

सगळा निवाडा ज्या रिपोर्टवर होतो, तो कसा तयार होतो हे पाहू. प्रयोगशाळेत तारेच्या बारीक कडीने लघवीचा एक हजारांश मिलिलिटर इतका अंश उचलतात आणि जंतूंचं खाद्य असलेल्या बशीवर पसरवतात. बशी शरीराच्या तापमानाला रात्रभर ठेवतात. प्रत्येक जिवंत जंतूपासून एक ठिपका उगवतो. मॅकॉन्की नावाच्या माध्यमावर ई. कोलायचे ठिपके गुलाबी दिसतात. शंभर ठिपके मोजले, म्हणजे मूळ लघवीत मिलिलिटरला एक लाख जंतू. रिपोर्टमधला तो मोठा आकडा असा येतो.

दुसऱ्या दिवशी हेच जंतू नव्या बशीवर पसरून त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती पुरेसं रुंद मोकळं वर्तुळ उमटतं, ते औषध लागू पडेल. म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात, त्याला इलाज नाही.

इतक्या थोड्या अंशावर सगळं ठरत असल्याने नमुना बिघडला की निष्कर्ष बिघडतो. जागा पाण्याने धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार निर्जंतुक डबीत धरावी. डबी तासा-दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी धरलेली डबी उन्हातून दुपारी पोहोचली, तर त्यात वाढलेले जंतू पोटातले नसून वाटेतले असू शकतात. आणि नमुना नेहमी अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्यापूर्वी द्यावा.

जंतू दिसले म्हणजे आजार झाला असं नाही

आता सर्वांत उलटी वाटणारी गोष्ट. ताप नाही, जळजळ नाही, क्रिएटिनिन जागेवर, पण नेहमीच्या तपासणीत कल्चर पॉझिटिव्ह आलं. औषध द्यायचं का? पूर्वी बरेच डॉक्टर देत. नंतर झालेल्या तुलनात्मक अभ्यासांत दिसलं की अशा रुग्णांना औषध दिल्याने पुढचा किडनीचा संसर्ग टळत नाही. उलट औषधाला न जुमानणारे जंतू मात्र वाढतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यारोपणाला एक महिना उलटल्यावर लक्षणं नसलेल्या रुग्णांत असे जंतू शोधू नयेत आणि सापडले तरी त्यावर उपचार करू नयेत, असं सांगितलं. गर्भारपण आणि मूत्रमार्गातल्या शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ हे अपवाद.

रुग्णाला हे पचवणं जड जातं. ‘रिपोर्टमध्ये लाल अक्षरात आलंय आणि डॉक्टर काहीच देत नाहीत’ असं म्हणून तो दुसरा दवाखाना गाठतो. पण विनाकारण घेतलेला प्रत्येक कोर्स साध्या जंतूंना मारून चिवट जंतूंना जागा मोकळी करून देतो. आपल्याकडे ई. कोलायमध्ये अनेक नेहमीच्या गोळ्यांना न जुमानण्याचं प्रमाण आधीच मोठं आहे. मग खऱ्या संसर्गाच्या वेळी हाती फक्त महागडी सलाइनची औषधं उरतात.

औषधांची निवड नाजूक का?

साध्या माणसाला दिलेली गोळी इथे चालेलच असं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल घेतलं तर रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढते आणि तीच किडनीला इजा करते. क्षयावरचं रिफॅम्पिसिन ती पातळी खाली आणतं, मग शरीर किडनी नाकारू लागतं. अमिकासिन, जेंटामायसिन थेट किडनीवर परिणाम करू शकतात. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या संसर्गाला चांगलं, पण ते किडनीच्या मांसात पुरेसं पोहोचत नाही, म्हणून थंडीतापावर कामाचं नाही. को-ट्रायमोक्झॅझोलने क्रिएटिनिनचा आकडा किडनी न बिघडताही थोडा वाढू शकतो, पोटॅशियम मात्र खरोखर वाढतं.

‘उन्हाळी लागली’ म्हणून घरी धण्याचं पाणी पिणं आणि काढे घेणं यातही फरक आहे. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे आणि चूर्णं किडनी टिकवण्याच्या औषधांच्या विरुद्ध दिशेने काम करू शकतात. जळजळीवर मिळणाऱ्या काही सिरपांत पोटॅशियम असतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतात. वेदनाशामक गोळ्या तर दुकानातून परस्पर आणूच नयेत.

चौकट : थोडक्यात लक्षात ठेवा

• डॉक्टरांनी ठरवून दिल्याइतकं पाणी दिवसभर विभागून प्या. हृदयाचा त्रास किंवा सूज असेल तर प्रमाण विचारून घ्या.
• जागेपणी दर तीन तासांनी लघवीला जा. झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा.
• शरीरसंबंधानंतर लघवी करा. स्त्रियांनी धुताना आणि पुसताना हात पुढून मागे न्यावा.
• बद्धकोष्ठता आणि साखर दोन्ही आटोक्यात ठेवा.
• स्टेंट काढण्याची तारीख लिहून ठेवा.
• औषधापूर्वी कल्चर द्या, सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा.
• लक्षणं नसताना फक्त रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक मागू नका.
• कोणतंही नवं औषध, काढा किंवा सिरप प्रत्यारोपण केंद्राला विचारल्याशिवाय घेऊ नका.

कोणत्या वेळी थांबायचं नाही?

लघवीत जंतू असूनही काही न करणं योग्य ठरतं, तसंच काही वेळा तासभरही थांबणं चुकीचं ठरतं. थंडी वाजून ताप, १००.४ फॅरेनहाइटच्या वर पारा, नव्या किडनीच्या जागी दुखणं, लघवी एकदम कमी होणं, उलट्यांमुळे रोजच्या गोळ्या पोटात न टिकणं, रक्तदाब घसरून चक्कर येणं, यांपैकी काहीही झालं तर प्रत्यारोपण केंद्राला लगेच, रात्री असेल तर रात्रीच, फोन करा आणि दवाखाना गाठा. किडनीतला संसर्ग या रुग्णांत काही तासांत रक्तात पसरू शकतो, तर वेळेत सुरू झालेल्या योग्य औषधाने बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

घरच्यांसाठीही एक सांगणं. वारंवार होणाऱ्या संसर्गाचं खापर रुग्णाच्या सवयींवर फोडू नका. दोष दिल्याने तो लक्षणं लपवायला शिकतो आणि त्याचा फटका किडनीला बसतो. तिसऱ्यांदा संसर्ग झाला तर त्याला बोल लावण्याऐवजी फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘लघवी मागे किती उरते, ती उलटी चढते का, जुन्या किडन्यांत काही आहे का’ हे तीन प्रश्न विचारा.